निघालो म्हणजे नेमकं काय?

मागच्या सीझनला माझ्या हातून एक गाडी चुकीच्या गाठी घेऊन गेली. म्हणजे गाठी आमच्याच होत्या, पण पार्टीनं मागितलेल्या नव्हत्या. मी मानवतच्या बाजूला एका जिनिंगवर, म्हणजे कापसातली सरकी काढून गाठी बांधतात तिथं, डिस्पॅच बघतो. त्या दिवशी संध्याकाळी शेठचा फोन आला तेव्हा बाहेर सरकी भरणं चालू, आत प्रेसचा धाडधाड आवाज, एका कानात बोट घालून मी फोन ऐकत होतो, शेठ म्हणले लॉट एकोणसाठ भरा, मी म्हणलं हो, आणि शेडमधे जाऊन मुकादमाला सांगितलं एकोणसत्तर. मुकादम म्हणला हौ. संपला विषय. एकोणसाठ म्हणजे आमचा पहिल्या वेचणीचा लांब धाग्याचा माल आणि एकोणसत्तर म्हणजे फरदडीचा, सीझनच्या शेवटी निघालेला हलका. गाडी पार तमिळनाडूत पोचल्यावर मिलवाल्यानं नमुना काढला आणि फोन केला, पुढचं काही सांगत बसत नाही, भाव तोडून द्यावा लागला एवढंच.

शेठ म्हणले, "मी एकोणसाठ म्हणलो होतो."

"मला एकोणसत्तर ऐकू आलं."

"मग हो कामून म्हणलास?"

आता याला काय उत्तर देणार. मी हो म्हणलो कारण मला ऐकू आलं होतं. जे आलं ते आलं. आपला 'हो' असाच असतो, फोनवर समोरचा बोलतोय आणि आपण जागे आहोत एवढंच त्यातून कळतं.

ही कहाणी मी भाचीला सांगितली, ती एका विमानतळावर कंट्रोलर आहे, म्हणजे पायलटांना रेडिओवरून सूचना देणारी, परभणीची पोरगी, प्रयागराजला ट्रेनिंग करून आलेली. मला वाटलं हसेल. ती एकदम सिरियस होऊन म्हणली, "मामा, तुमी रीडबॅक दिलाच नाही." मग तासभर तिनं मला जे सांगितलं त्यानंतर मला या विषयाचं वेडच लागलं, रात्री जेवण झालं की मोबाइलवर जुन्या विमान अपघातांचे रिपोर्ट वाचत बसायचं, बायको म्हणती हे काय अभद्र वाचायलात झोपताना.

तर रेडिओवर 'रॉजर' म्हणजे फक्त तुमचं सगळं बोलणं पोचलं. मान्य आहे असं नाही, करतो असं तर नाहीच. 'करतो' साठी वेगळा शब्द, 'विल्को'. होकारासाठी 'अफर्म', त्याचं पूर्ण रूप 'अफर्मेटिव्ह' मुद्दाम टाळतात, कारण खरखरीत शब्दाचं डोकं उडालं आणि शेपूट राहिलं की तेच शेपूट 'निगेटिव्ह'ला पण असतं. जमत नसेल तर 'अनेबल' म्हणायचं, सरळ, लाज न बाळगता. हा शब्द मला फार आवडला. आपल्याकडं जमत नाही म्हणायला शब्दच नाही, 'बघतो' आहे, 'करू की' आहे, 'होऊन जाईल' आहे.

आणि उंची, दिशा, रनवे नंबर असलं काही सांगितलं की पायलटनं ते तसंच्या तसं परत म्हणून दाखवायचं, तो रीडबॅक. मग कंट्रोलरनं ते कान देऊन ऐकायचं, बरोबर म्हणला का ते. भाची म्हणती खरी गोम या दुसऱ्या अर्ध्यात आहे. दिवसभरात शेकडो वेळा समोरचा बरोबरच म्हणतो, त्यामुळं कान आधीच 'बरोबर' ऐकायच्या तयारीत बसलेला असतो, आणि ज्या एका वेळी तो चुकीचं म्हणतो तेव्हा पण कानाला बरोबरच ऐकू येतं.

१९ फेब्रुवारी १९८९, क्वालालंपूरजवळ. फ्लाइंग टायगर नावाच्या कंपनीचं मालवाहू बोइंग ७४७ सुबांग विमानतळावर उतरायला येत होतं. कंट्रोलरनं सांगितलं, खाली या, टू फोर झीरो झीरो. म्हणजे २४०० फूट. पायलटला वाटलं 'टू' म्हणजे 'पर्यंत', आकडा पुढचा, फोर झीरो झीरो, ४०० फूट. देवनागरीत लिहिलं तर दोन्ही 'टू' सारखेच दिसतात, आणि कानाला तर सारखेच आहेत. पायलट म्हणला ओके, फोर झीरो झीरो. म्हणजे रीडबॅक झाला बरं का! चूक उघडी पडली होती, सगळ्यांच्या कानावरून गेली, आणि कुणाच्याच लक्षात आली नाही. विमान टेकडीवर आदळलं, चौघं होते, चौघंही गेले. नियम असा की असली उंची टू थाउजंड फोर हंड्रेड अशी म्हणायची, म्हणजे 'टू' ला हजाराचं दावं बांधलेलं राहतं, सुटून कुठं जात नाही.

हे वाचलं आणि मला आमचे मराठी आकडे आठवले. इंग्रजीत निदान आधी दशक मग एकक असं सरळ तरी आहे. आपलं उलटं, पंचवीस, छत्तीस, आणि त्यावर कळस म्हणजे एकोण. एकोणसाठ म्हणजे साठाला एक कमी, ऐकणाऱ्यानं आधी शेवट ऐकायचा मग वजाबाकी करायची, आणि शेवटच नेमका प्रेसच्या आवाजात जातो. आमच्याकडं हमाल बिहारचे, त्यांचं उनसठ आणि उनहत्तर. ड्रायव्हर तेलंगणातला असला तर विचारूच नका. गाडीचा नंबर फोनवर सांगताना एमएच बावीसचं बत्तीस होतं, अन् महाराष्ट्रात बत्तीस पण आहेच की कुठंतरी, त्यामुळं ऐकणाऱ्याला शंका पण येत नाही. रेडिओवर तर नाइनला 'नाइनर' म्हणतात आणि फाइव्हला 'फाइफ', एकमेकांत मिसळू नयेत म्हणून. थ्रीला 'ट्री'. आमचे मास्तर असते तर उच्चार नीट कर म्हणून छडी दिली असती, इथं पुस्तकातच तसं लिहिलंय.

अक्षरांचंही तसंच. अल्फा, ब्राव्हो, चार्ली ही जी यादी सगळं जग वापरतं ती १९५६ पासूनची. आपण पण करतोच की, बँकेच्या फोनवर, प परभणीचा, भ भाकरीचा. माझी बायको कस्टमर केअरला आडनाव सांगताना 'ळ' ला अडकली होती, ळ बाळाचा म्हणली, पलीकडच्या हिंदी पोरानं 'बाला' लिहिलं.

पण मला सगळ्यात जास्त झोंबलं ते टेनेरिफचं.

२७ मार्च १९७७. स्पेनची बेटं आहेत, कॅनरी म्हणून. शेजारच्या बेटावरच्या विमानतळावर बॉम्ब फुटला म्हणून तिकडची सगळी विमानं टेनेरिफच्या छोट्या लॉस रोदेओस विमानतळावर आणून उभी केली. एकच रनवे, त्यात धुकं उतरलं. केएलएम या डच कंपनीचं जम्बो रनवेच्या टोकाला तयार, आणि पॅनअम या अमेरिकन कंपनीचं जम्बो त्याच रनवेवर चालत येत होतं, धुक्यात वळायचा फाटा शोधत. टॉवरला दोन्ही दिसत नव्हते आणि दोघांना एकमेक दिसत नव्हते. केएलएमचा को-पायलट डच, तो इंग्रजीत म्हणला, "वुई आर नाऊ ॲट टेकऑफ." आता याचा अर्थ काय घ्यायचा? टॉवरवाला स्पॅनिश, त्यानं घेतला, टेकऑफच्या जागी उभे आहोत. डचमधे म्हणे अशी रचना आहे की 'करण्यावर आहे' म्हणजे 'करतोय'. म्हणजे त्याचं म्हणणं होतं निघालो. आणि खरंच विमान निघालेलं होतं, ब्रेक सोडून.

हे वाचून मी मोबाइल खाली ठेवला. कारण 'निघालो' हा शब्द मी दिवसातून पन्नास वेळा ऐकतो. आमचा ड्रायव्हर निघालो म्हणतो तेव्हा तो धाब्यावर खाटेवर असतो. 'आलोच' म्हणतो तेव्हा अजून सेलूच्या अलीकडं असतो. यात तो खोटं बोलतो असं नाही हो, मराठीत भूतकाळ हा भविष्यासाठीच वापरायचा असतो की काय असं मला वाटायला लागलंय. आलोच, गेलो बघ, हा झालाच चहा. ऐकणाऱ्याला पण ते माहीत असतं म्हणून जग चालतं. पण समजा एखादवेळी तो खरंच निघालेला असला तर?

पुढचं अजून वाईट आहे. टॉवरवाला म्हणला, "ओके." आणि जरा थांबून, थांबा, टेकऑफसाठी मी बोलावतो. त्याच सेकंदाला पॅनअमवाला घाबरून बोलला की आम्ही अजून रनवेवरच आहोत. त्या रेडिओवर दोघं एकदम बोलले की कुणाचंच ऐकू येत नाही, शिट्टीसारखा आवाज येतो फक्त. केएलएमच्या कॉकपिटमधे 'ओके' तेवढं स्वच्छ पोचलं आणि पुढं शिट्टी. म्हणजे जो शब्द नको होता तोच नेमका पोचला. त्यानंतर टॉवरनं पॅनअमला सांगितलं, रनवे मोकळा झाला की कळवा, पॅनअम म्हणला कळवतो. हे मात्र ऐकू आलं. मागं बसलेल्या फ्लाइट इंजिनियरनं विचारलं सुद्धा, तो पॅनअमवाला बाजूला झाला नाही का? कॅप्टन ठासून म्हणला, हो हो. कॅप्टन म्हणजे साधा माणूस नव्हता, कंपनीच्या पायलटांना शिकवणारा, कंपनीच्या जाहिरातीत फोटो असलेला. इंजिनियर गप्प बसला. ५८३ माणसं गेली. तेव्हापासून 'टेकऑफ' हा शब्द फक्त उड्डाणाची परवानगी देताना नाहीतर रद्द करतानाच उच्चारायचा, बाकी सगळीकडं 'डिपार्चर'.

मी आमच्याकडं पण करून बघितलं. नोटीसच काढली म्हणा की, गेटपास हातात पडून चाक हलल्याशिवाय कुणी 'निघालो' म्हणायचं नाही, आणि लॉट नंबर सुटा सुटा म्हणायचा, पाच नऊ, सहा नऊ, आणि मुकादमानं परत म्हणून दाखवायचं. आमचे दिवाणजी, सत्तरीचे, धोतरातले शेवटचे, त्यांनी चष्म्यावरून बघून विचारलं, "कामून रे, इमान चालवायलास का?" तिथून माझं नाव पायलट पडलं ते पडलंच. नियम आठ दिवस टिकला. नवव्या दिवशी मीच शेठला फोनवर म्हणलो, गाडी निघाली. गाडी काट्यावर उभी होती.

विमान, गाठी आणि ट्रक यांचं माझ्या डोक्यात लहानपणापासून एक नातं आहे, ते सांगितल्याशिवाय हे सगळं मला का एवढं लागलं ते कळायचं नाही. १९९३ च्या उन्हाळ्यात मी तेव्हाच्या औरंगाबादला मुकुंदवाडीत मोठ्या मामाकडं होतो. चिकलठाण्याचं विमानतळ जवळच, विमान उठलं की आम्ही पोरं गच्चीवर पळायचो. २६ एप्रिलला दुपारी मुंबईला निघालेलं इंडियन एअरलाइन्सचं बोइंग ७३७ रनवेच्या टोकाबाहेरच्या बीड रोडवर एका ट्रकला धडकलं, मग पुढं विजेच्या तारांना, आणि तिथून शेतात. ११८ जण होते, ५५ गेले. ट्रक कापसाच्या गाठींचा होता. आमचं सगळं खानदान कापसात, माझे वडील पण जिनिंगवरच, त्यामुळं घरात पहिला प्रश्न काय आला असेल तर, कुणाची गाडी होती? रात्री वडिलांचा शेजाऱ्यांच्या फोनवर फोन आला, मामानं सगळं सांगितलं, आणि वडिलांचा आवाज फोनमधून बाहेर ऐकू यायचा एवढा मोठा, ते म्हणले, "पर त्या डायवरला कुणी सांगितलं होतं का, थांब म्हणून?"

चौकशीत पुढं दोन्ही गोष्टी आल्या, पायलटनं नाक उशिरा उचललं हे आणि विमानाच्या वेळेला रस्त्यावरची वाहतूक अडवली नव्हती हे. याला गैरसमज म्हणता येत नाही, इथं तर बोलणंच झालं नव्हतं. टॉवर पायलटशी बोलतो, पायलट टॉवरशी, आणि गाठी भरलेली गाडी घेऊन चाललेला माणूस त्या बोलण्यात कुठंच नाही. लहानपणी मला वाटायचं विमानाची चूक. मग वाटायचं ट्रकची. आता रोज पाच-सहा गाड्या लावतो तर वाटतं, वडिलांचा प्रश्नच बरोबर होता.

आपल्या देशातला सगळ्यात मोठा विमान अपघात मात्र हरियाणातल्या चरखी दादरीचा, १२ नोव्हेंबर १९९६. दिल्लीहून सौदीचं जम्बो वर चढत होतं, कझाकस्तानचं इल्युशिन खाली उतरत होतं, एकाला १४ हजार फूट, दुसऱ्याला १५ हजार. हजार फुटांचा मजला मधे. कझाक विमानात बोलायचं काम रेडिओ ऑपरेटरचं, उडवायचं पायलटांचं, म्हणजे इंग्रजी ऐकणारा एक आणि दांडा धरणारा दुसरा, आमचं शेठ-मी-मुकादम आहे तसंच. ऑपरेटरला उंची बघायची तर पायलटच्या खांद्यावरून वाकून बघावं लागायचं. कंट्रोलरनं समोरून विमान येतंय हे सांगितलं होतं, त्यांनी ऐकलं पण होतं, तरी ते १५ च्या खाली आले. ३४९ गेले, एकही वाचला नाही. टॉवरचं रडार तेव्हा उंची दाखवत नव्हतं, पायलट सांगेल ती उंची खरी. त्यानंतर येणाऱ्या-जाणाऱ्या विमानांचे रस्ते वेगळे केले, आणि समोरचं विमान जवळ आलं तर आपणहून ओरडणारं यंत्र सक्तीचं झालं.

भाचीला मी विचारलं, इंग्रजी येत नाही हा प्रॉब्लेम आहे का मग? ती म्हणली तो आहेच, इंग्रजीच्या परीक्षेच्या लेव्हल ठरलेल्यात, निदान चौथी लागतेच. आपल्याकडं पायलट आधी नमस्कार घालतात रेडिओवर, ते तेवढं देशी, पुढं सगळं ठरलेलं इंग्रजी. पण इंग्रजी येत असून पण माणसं सांगत नाहीत मामा, त्याचं काय करणार.

तिनं मला ॲव्हियान्का या कोलंबियाच्या कंपनीचं सांगितलं. २५ जानेवारी १९९०, कोलंबियाहून न्यूयॉर्कला निघालेलं बोइंग ७०७. खराब हवा, विमानांची गर्दी, सव्वा तासाच्या वर यांना आकाशातच घिरट्या घालायला लावल्या. तेल संपत आलं. को-पायलटनं सांगितलं की आम्हाला प्रायॉरिटी हवी. प्रायॉरिटी म्हणजे त्याच्या हिशोबानं आता मरणार आहोत, कंट्रोलरच्या हिशोबानं जरा लवकर बघा. 'इमर्जन्सी' हा शब्द टॉवरच्या कानावर कधी गेलाच नाही. पहिल्यांदा उतरायचं जमलं नाही तेव्हा कॅप्टन त्याला स्पॅनिशमधे म्हणला, सांग त्यांना इमर्जन्सी आहे म्हणून. यानं सांगितलं काय, तर पुन्हा प्रयत्न करतो, तेल संपत आलंय. कॅप्टननं विचारलं, सांगितलंस का? हा म्हणला, हो सर, सांगितलं. मग कंट्रोलर म्हणला तुम्हाला वळवून आणतो, तेलाचं जमेल ना तेवढं? आणि यानं उत्तर काय द्यावं, "आय गेस सो, थँक्यू व्हेरी मच." काही मिनिटांनी चारही इंजिनं बंद. लाँग आयलंडवर पडलं. आग लागली नाही, जळायला टाकीत काही नव्हतंच. ७३ गेले.

त्या 'थँक्यू व्हेरी मच' वर माझं मन बरेच दिवस अडकलं होतं. कारण माझी आई.

आई गावाकडं एकटी असते. दोन वर्षांमागं ऐन सीझनमधे तिचा फोन आला, इकडचं तिकडचं बोलली, म्हशीचं, शेजारच्या लग्नाचं, आणि ठेवता ठेवता म्हणली, "हात जरा दुखायलाय. सवडीनं ये." मी म्हणलं हो. तिसऱ्या दिवशी गेलो, खरंच सवडीनं. आई चुलीपुढं बसलेली, डावा हात पदरात गुंडाळलेला, आणि उजव्या एका हातानं परातीत भाकरी थापायचा कार्यक्रम चालू, भाकर गोल होईना म्हणून तिचं तिलाच हसू येत होतं. पदर काढून बघितलं तर मनगट वांग्यासारखं, तसंच जांभळं. न्हाणीत पाय घसरला होता. एक्सरेत हाड मोडलेलं निघालं. मी चिडून म्हणलं, सांगायचं नाही का? तर म्हणती, "सांगितलं की. ये म्हणले की नाही मी?"

होतं बरोबर. तिच्या भाषेत 'ये' हाच शब्द इमर्जन्सीचा होता, आजवर तिनं मला कधी ये म्हणलेलं नाही, मीच येतो म्हणतो आणि ती कशाला म्हणते. आणि मी 'सवडीनं' तेवढं ऐकलं.

मायामीजवळचा एक अपघात आहे, १९७२ चा, ईस्टर्न कंपनीचा. कॉकपिटमधले सगळे एका न पेटलेल्या बल्बच्या मागं लागले होते आणि विमान हळूहळू खाली चाललेलं कुणाच्या ध्यानात नव्हतं. कंट्रोलरला रडारवर उंची कमी दिसली, पण रडार कधी कधी चुकीचं दाखवतं म्हणून त्यानं सरळ न विचारता मोघम विचारलं, काय, कसं काय चाललंय तिकडं? त्यांनी सांगितलं, वळून परत यायला बघतोय. थोड्या वेळात विमान दलदलीत. मी पण आईला रोज हेच विचारतो, कसं काय? आई म्हणती बरंय. आता मी तिला मुद्द्याचं विचारतो, गोळी घेतली का, कोणती, कोणत्या रंगाची, आज पडलीबिडलीस का. तिला राग येतो. म्हणती पोलीस झालास का.

या दिवाळीचं सांगतो आणि थांबतो. आईनं भाचीला फोन लावला, स्पीकरवर, मी शेजारी बसलेलो. "येतीस का गं दिवाळीला?"

"बघते आजी. ड्युटी लागायलीय. परवा सांगते."

फोन ठेवला आणि आईनं रवा काढला. म्हणली पोरगी येतीय, तिला ओल्या नारळाच्या करंज्या लागतात. मी म्हणलं अगं ती बघते म्हणली. आई म्हणली, "मग, बघते म्हणली ना."

मी बाहेर अंगणात जाऊन भाचीला परत फोन लावला. म्हणलं आजीला स्पष्ट सांग बाई, येणार का नाही, म्हातारी नारळ फोडायलीय.

"मामा, स्पष्टच सांगितलं की! बघते म्हणले ना मी," ती म्हणली. "बघते म्हणजे नाही जमायलं. एवढं कळत नाही का आजीला?"

आत खवणीचा आवाज सुरू झाला होता. ओल्या नारळाच्या करंज्या दोन दिवस पण टिकत नाहीत, म्हणून मग सगळं ताट शेजारी गेलं, आणि भाचीसाठी साध्या चिवड्याचा डबा एसटीनं पाठवला. कंडक्टरला डबा देताना बस नंबर मी सुटा सुटा वाचून दोनदा म्हणलो. तो म्हणला, "हौ."